लांबून येणारं माणूस

पर्समध्ये स्टीलचा डबा होता आणि दारातून आत शिरताना मी तो दोनदा चाचपून पाहिला. झाकण घट्ट बसलंय ना, वास येत नाही ना. आत चार दशम्या होत्या आणि कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. कुणी प्रेमाने जेवायला बोलावलंय आणि आपण आपलं जेवण बांधून घेऊन चाललोय, यात काही वावगं आहे असं त्या दुपारी मला वाटलंसुद्धा नाही. खबरदारी वाटली. या गोष्टीला आता दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. त्या घरातल्या बाकीच्या आठवणी निवांत आहेत, हव्या तेव्हा काढून बघता येतात. हा डबा मात्र न बोलावता येतो. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो अजूनही आहे, रोज हाताला लागतो, त्यामुळेही असेल.

कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात होते. चाकणसारखंच तेही मोटारींचं गाव, त्यामुळे कारखान्याच्या आत परकं वाटायचं नाही. परकेपण सुरू व्हायचं ते बाहेर, जेवायच्या वेळी. मी शाकाहारी. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं स्पॅनिश मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. तरी एका खानावळीत ते दोनदा बजावून सांगितल्यावर समोर आलेल्या ताटात कोंबडीचे धागे निघाले. वाढणाऱ्या मुलीने फसवलं नव्हतं. तिकडे कार्ने म्हटलं की गायीचं नाहीतर डुकराचं मांस डोळ्यांसमोर येतं, कोंबडी त्यात धरत नाहीत. मग हळूहळू कळत गेलं की साध्या दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते, आणि भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तेव्हापासून मी बाहेर पडताना काहीतरी सोबत ठेवायला लागले. भाड्याच्या खोलीतल्या एकुलत्या एका तव्यावर रविवारी दशम्या करायच्या, त्या आठवडाभर पुरवायच्या.

ऑफिसातली माझी एक सहकारी चोलुलाची होती, पुएब्लाला अगदी लागून असलेल्या गावची. टेकडी वाटावी एवढा मोठा जुना पिरॅमिड, त्याच्या माथ्यावर पिवळं चर्च आणि मागे धूर सोडत बसलेला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी. हे फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिने मला २ नोव्हेंबरला घरी जेवायला बोलावलं. २०१४ साली तो रविवार होता. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि ती मी फोनवर साजरी केली होती. मी म्हटलं, पण मी मांस खात नाही, कोंबडीही नाही, चरबीही नाही. ती म्हणाली, अबुएलिताला सांगते. अबुएलिता म्हणजे आजी, लाडाने. मी बरं म्हटलं आणि शनिवारी रात्री कणीक भिजवायला घेतली.

दारापासून आतल्या खोलीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातलेली होती. दसऱ्याला तोरणातून गळलेल्या पाकळ्या अंगणात पडतात तशा नव्हेत. नीट, हातभर रुंद, फरसबंदीवर आखून घेतल्यासारखी वाट. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, सेम्पासूचिल म्हणतात त्याला, आणि त्या दिवसांत तिथली हवाच त्याच्या उग्र वासाने भरलेली असते. त्यात कोपालचा धूर. आपल्या राळेच्या जवळचा वास, पण थोडा लिंबाकडे झुकणारा. मी पाकळ्यांवर पाय टाकणार तेवढ्यात सहकारीने दंड धरला. ‘बाजूने ये. ही वाट त्यांची.’

त्यांची म्हणजे गेलेल्यांची. २ नोव्हेंबर हा तिकडे मृतांचा दिवस, त्या दिवशी ती घरी येतात असं मानतात. आतल्या भिंतीला लागून पायऱ्यापायऱ्यांचं टेबल मांडलेलं होतं, वर जाळीसारख्या कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका. याला ओफ्रेंदा म्हणतात. मधोमध हॅट घातलेल्या एका माणसाचा फोटो, अबुएलिताचा नवरा. त्याच्यापुढे त्याच्या आवडीचं सगळं: बिअरची बाटली, सिगारेटचं पाकीट, वर तीळ लावलेला गोल पाव, मातीच्या वाडग्यात मोले नावाचा काळपट रस्सा आणि त्यात बुडालेली टर्कीची तंगडी. मिठाची वाटी. पाण्याचा पेला. पाणी कशाला, असं मी विचारलं तर सहकारी म्हणाली, ‘लांबून येतात. आधी तहान लागते.’

आमच्याकडे पितृपक्षात पान वाढून गच्चीवर ठेवायचं आणि कावळ्याची वाट पाहायची. तो शिवला की पोचलं. नाही शिवला की घरातली मोठी माणसं हात जोडून काय राहिलं ते विचारत बसायची, मुलीचं लग्न करीन, घर विकणार नाही, अशी वचनं द्यायची. लहानपणी मला त्या पानाची भीती वाटायची. गेलेलं माणूस रुसलेलं असतं, त्याला समजवावं लागतं, असा माझा समज होता. इथे चार वर्षांचं पोर ओफ्रेंदावरच्या साखरेच्या कवटीकडे हात नेत होतं आणि त्याची आई, ‘थांब, आधी आजोबांचं होऊ दे,’ असं म्हणत होती. आजोबा शेजारच्या खोलीत जेवायला बसले असावेत, अशा आवाजात.

अबुएलिता स्वयंपाकघरात होती. ठेंगणी, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, चौकड्याचा बिनबाह्यांचा एप्रन. तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या बोटांच्या पेरांत तांबडा रंग मुरलेला होता. मसाला कुटणाऱ्या बाईची बोटं अशी होतात, ती मी बार्शीला आमच्या घरात पाहिलेली आहेत. कोपऱ्यात मेताते होता, तीन ठेंगण्या पायांचा, उतरता, मधे झिजून खोल झालेला दगड. वर वरवंट्यासारखाच पण दोन्ही टोकांना हातात येणारा लांबट दगड. आमची आजी पाट्यापुढे एक पाय दुमडून बसायची, ही गुडघे टेकून बसते, एवढाच फरक. एरवी वाटण गिरणीत नेतात, पण ओफ्रेंदाच्या मोलेवर शेवटचा हात मेतातेवरच फिरवायचा हा तिचा नेम होता.

मोलेला लोक चॉकलेटची आमटी म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. आपल्या काळ्या मसाल्याच्या वाटणाशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. तीन जातींच्या वाळल्या मिरच्या, देठ-बिया काढून वेगवेगळ्या तळलेल्या. त्या करपायच्या आत काढायच्या, नाहीतर अख्खं पातेलं कडू. मग तीळ, बदाम, शेंगदाणे, बेदाणे, पिकलेलं केळं, शिळी तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, टोमॅटो. दालचिनी, लवंग, मिरी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, प्रत्येकाची वेळ वेगळी. हे सगळं वाटून घोटून गोळा झाल्यावर शेवटी चॉकलेट, तेही थोडंसंच, मिरचीला गोलाई येण्यापुरतं. मी उभी राहून वास घेत होते आणि मला माहीत असलेले वास ओळखत होते. त्यातली मिरची, टोमॅटो, शेंगदाणे आपल्याकडे आले ते त्यांच्याच बाजूच्या जगातून, पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर. दालचिनी, लवंग, मिरी त्यांच्याकडे गेली ती आपल्या बाजूने. दोन्ही घरांनी एकमेकांकडून उसनं नेलं आणि परत करायचं विसरून गेली.

चुलीवर दोन मातीची पातेली होती. एक मोठं, एक लहान. लहानावर फडकं झाकलेलं. अबुएलिता भराभरा काही बोलली. सहकारीने थांबून थांबून सांगितलं. हे तुझं. मिरच्या तेलात तळल्या, चरबी नाही घातली. पाणी भाज्यांचं. घेवडा वेगळ्या मडक्यात, नुसता मीठ आणि एपासोतेचा पाला घालून. भात पाण्यातला. आणि डावसुद्धा वेगळा ठेवलाय, या पातेल्यातला त्या पातेल्यात जाऊ नये म्हणून. गुरुवारपासून करतेय ती. तुझ्यासाठी मिरच्या पुन्हा तळाव्या लागल्या, कारण पहिल्या सवयीने चरबीत टाकल्या गेल्या होत्या.

पर्स माझ्या खांद्यावरच होती.

कोमालवर, म्हणजे तव्यावर, तोर्तिया टाकत होती तिची सून. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, सालं काढून दळलेला. त्या पिठाला एक विशिष्ट वास असतो, नुकत्या सारवलेल्या ओल्या भिंतीसारखा, आणि तोर्तिया भाजायला लागली की तो गोड होतो. दुसऱ्यांदा उलटल्यावर ती टम्म फुगली. मी नकळत ‘फुगली!’ म्हणाले, मराठीत. सून हसली. भाकरी फुगल्यावर जो आनंद होतो त्याला भाषा लागत नसावी.

मला वाढलं ते असं: त्याच तोर्तिया मोलेत बुडवून, आत ताजं चीज घालून घडी घातलेल्या, वरून पुन्हा मोले, कांद्याच्या चकत्या, भाजलेले तीळ. पहिला घास घेतला तेव्हा आधी काहीच कळलं नाही, इतकं सगळं एकदम होतं. मग मिरची आली, तिखट नव्हे, धुरकट. मग केळ्याचा गोडवा, मग तिळाचा स्निग्धपणा, आणि सगळं गिळून झाल्यावर घशात राहणारी दालचिनी. अबुएलिता जेवत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या आईची हीच सवय आहे, तिलाही पाहुण्याचा पहिला घास बघायचा असतो. मी डोळे मिटून मान हलवली आणि तिने टेबलावर हलकेच हात आपटला, म्हणजे झालं. त्यानंतर ताटात जागा दिसली की डाव येत होता. ‘नको’ म्हटलं की ती म्हणायची, माझा अव्हेर करू नकोस. हे शब्द सहकारीने इंग्रजीत सांगितले, मला मात्र ते सरळ मराठीतच ऐकू आले.

जेवण झालं तरी तिथे कोणी उठत नाही. हात वाळतात, कॉफी येते, गप्पा चालू राहतात. सहकारीचा काका म्हणाला, भारतातून पुएब्लात आलेली तू पहिली नाहीस. मग त्याने कातारिना दे सान हुआनची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात मुघलांच्या मुलखातून पळवून नेलेली मुलगी, मनिलाच्या जहाजातून गुलाम म्हणून इथे आणून विकली, पुढे तिला लोक संत मानायला लागले, १६८८ साली वारली, जेझुइटांच्या चर्चमध्ये तिला पुरलं. मला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. त्या मुलीने इथे पहिल्या दिवशी काय खाल्लं असेल, एवढंच मनात घोळत राहिलं. तिच्यासाठी कोणी डाव वेगळा ठेवला नसणार.

आणि तेवढ्यात ते चार वर्षांचं पोर खुर्चीला अडकवलेल्या माझ्या पर्सपाशी गेलं. त्याने डबा बाहेर काढला, मांडीत धरून झाकणाशी झटापट केली आणि ते उघडलं. दशम्यांचा वास आला, गुळाचा, तुपाचा. सगळे बघायला लागले. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. काय सांगायचं होतं? तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून आणल्या? तेवढं स्पॅनिशही नव्हतं मला, आणि ज्या भाषेत सांगता आलं असतं त्या भाषेतही धीर नव्हता.

अबुएलिताने दशमी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, हुंगली. मग माझ्याकडे बघून तिने अगदी सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत विचारलं, ‘तुझ्या गेलेल्या माणसासाठी आणल्यास?’

मी ‘सी’ म्हणाले. हो.

एवढंच. तिचे डोळे भरून आले. सुनेला म्हणाली, बघ, किती लांबून आली पोर आणि किती विचार करून आली. कोणासाठी, तिने विचारलं. मी म्हटलं, आजीसाठी. ते मात्र त्या क्षणी खरं झालं होतं, कारण दशमी तिचीच. फोनमध्ये जुन्या फोटोवरून काढलेला तिचा फोटो होता, नऊवारीतला, डोक्यावरून पदर. अबुएलिताने नाव विचारलं. मधला ‘ध’ तिला साधला नाही, तरी तीनदा म्हणून पाहिलं. मग हॅटवाल्या आजोबांच्या शेजारी जागा केली, पेल्याला टेकवून फोन ठेवला, डब्याच्या झाकणात दोन दशम्या मांडल्या. सहकारी म्हणाली, पण आत्मे तर दुपारी बारालाच परत गेले ना. अबुएलिताने हात झटकला. ‘हिची आजी लांबून येतेय. तिला उशीर होणारच. मेणबत्ती राहू दे रात्रीपर्यंत.’

माझी आजी कुणाच्या घरचं पाणी प्यायची नाही. प्रवासाला निघताना तिचा फिरकीचा तांब्या बरोबर असायचा आणि दशम्या. दशमी दुधात का भिजवतात, हे मी लहानपणी विचारलं होतं. टिकते म्हणून, असं आईने सांगितलं. आजीने खरं सांगितलं. पाण्यात भिजवली की ओवळी, दुधातली चालते. वाटेत कुठेही, कुणाच्याही ओसरीवर बसून खाता येते, कुणाकडे काही मागावं लागत नाही. ‘कुणाकडे’ म्हणजे कुणाकुणाकडे, ते ती बोलली नाही आणि ते मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात खरकटं काढायला येणाऱ्या बाईंना चहा वेगळ्या कपात मिळायचा, तो कप खिडकीच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा. आजी मायाळू होती. मला तिच्याइतकं कुणी जवळ घेतलेलं नाही. या दोन गोष्टी मला एका ओळीत नीट लिहिता येत नाहीत, पण त्या एकाच बाईच्या आहेत. मी सोवळं पाळत नाही. जातपात मानत नाही, असं मी ठामपणे म्हणत आले. आणि तरी हजारो मैल लांबच्या त्या खोलीत, शनिवारी रात्री, मी विचारसुद्धा न करता दुधातच कणीक भिजवली. परक्याच्या चुलीवरचा अविश्वास त्या दशमीत पहिल्यापासून मळलेला होता. तो मी डब्यात घालून नेला, आणि त्या घराने तो प्रेमाची आठवण म्हणून वर ठेवला, टर्कीच्या तंगडीशेजारी.

आजी तिथे आली असती तर काय केलं असतं तिने, हे मी खूपदा मनाशी मांडून पाहते. कधी ती उंबऱ्यावरूनच परत फिरते. कधी पाकळ्यांच्या वाटेने आत येते, दमलेली, आणि बसते.

रात्री निघताना अबुएलिता मला पुन्हा ओफ्रेंदापाशी घेऊन गेली. आजीच्या पुढ्यातला पाण्याचा पेला तिने बोटाने दाखवला. पाणी बोटभर कमी झालं होतं. दिवसभर मेणबत्त्यांच्या धगीपाशी होता तो पेला, मी इंजिनियर आहे, मला कळतं. ‘प्यायली,’ अबुएलिता म्हणाली. ‘बघ, किती तहानली होती.’ मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले आणि ती ‘मिहा, मिहा’ म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. मिहा म्हणजे माझी लेक. ती समजत होती त्या कारणासाठी मी रडत नव्हते, किंवा फक्त त्यासाठी नव्हते.

डबा तिने रिकामा दिला नाही. पाहुण्याला निघताना बांधून द्यायचं त्याला तिकडे इताकाते म्हणतात, आपली शिदोरीच. लहान पातेल्यातला उरलेला मोले तिने माझ्या डब्यात खरवडून भरला, झाकण दाबलं आणि वरून फडक्याची गाठ मारली. आठवडाभर मी तो भाताबरोबर खाल्ला. डब्याच्या तळाशी शेवटचा तांबूस ओघळ राहिला होता, तो बोटाने पुसून घेतला. त्या आठवड्यात दशम्या केल्या नाहीत.

पुण्याला परत आल्यावर खरं काय ते लिहून कळवायचं, असं ठरवलं होतं. पहिल्या वर्षी २ नोव्हेंबरला सहकारीने ओफ्रेंदाचा फोटो पाठवला. हॅटवाल्या आजोबांशेजारी माझ्या आजीचा फोटो, छापून, चौकटीत घातलेला. पुढे जाडसर गव्हाच्या तोर्तिया. खाली तिने लिहिलं होतं: दूध आणि गूळ घालून करून बघितल्या अबुएलिताने, तुझ्यासारख्या मऊ झाल्या नाहीत म्हणते, नेमकं कसं करतेस ते कळव. मी कृती कळवली. बाकीचं राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. दर वर्षी फोटो येत गेला, दशम्या सुधारत गेल्या. आता सांगून त्या घराच्या त्या मांडणीतून काय काढून घ्यायचं, असं वाटायला लागलं. ही माझी सोय होती की त्यांचा विचार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एका वर्षी फोटो उघडला, तर हॅटवाल्या आजोबांच्या दुसऱ्या बाजूला अबुएलिता होती. दोन वेण्या, चौकड्याचा एप्रन. मधे आजोबा, एकीकडे ती, एकीकडे आमची नऊवारीतली.

जिला सांगायचं होतं तीच आता पलीकडे गेली. सहकारीला मी मागच्या वर्षी सगळं लिहून पाठवलं, डबा, खानावळ, शनिवारची रात्र, सगळं. तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं. तिला वाईट वाटलं होतं, ते तिने लपवलं नाही. आजी गुरुवारपासून उभी होती गं, एवढं लिहिलं. मग खाली, वेगळ्या ओळीत, की फोटो आम्ही काढणार नाही.

यंदा २ नोव्हेंबरला मी लवकर उठले. झेंडू आणला होता, दारापासून ओट्यापर्यंत पाकळ्या टाकल्या. कणीक या वेळी साध्या पाण्यात भिजवली, गूळ घातला, लाटताना कडा चिरत होत्या त्या बोटाने जुळवल्या. दोन दशम्या त्याच डब्याच्या झाकणात ठेवल्या. मोले मला अजून तिच्यासारखा जमत नाही, पण वाडगाभर केला. माळ्यावरून आजीचा फिरकीचा तांब्या काढला, चिंचेने घासला, नळाचं पाणी भरलं आणि फिरकी न लावता, उघडाच, अबुएलिताच्या फोटोपुढे ठेवला.